खाचरातली प्रयोगशाळा

काचेचे दोन पेले पाण्याने भरून घ्या. प्रत्येक पेल्याच्या तोंडावर चहाची गाळणी अशी टेकवा की तिचा तळ पाण्यात बुडेल. एका गाळणीत भाताच्या खाचरातले सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ अलगद ठेवा. दुसरीत त्याच खाचराच्या बांधावरचे, गवताच्या मुळांखालचे तेवढेच वाळलेले ढेकूळ ठेवा आणि पाच मिनिटे थांबा. बहुतेक वेळा असे दिसते की खाचरातले ढेकूळ फुटून विरघळल्यासारखे होते आणि पेल्याच्या तळाशी गाळ साचतो. बांधावरचे ढेकूळ मात्र बराच वेळ आपला आकार टिकवून राहते.

दोन्ही माती एकाच खडकापासून झालेल्या, दोन्हींवर पडणारा पाऊस एकच, दोन्हींमधले अंतर जेमतेम दोन हात. मग हा फरक कशामुळे पडला? आणि पडलाच असेल, तर खाचरातली माती पुन्हा बांधावरच्या मातीसारखी करता येईल का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला रसायनशास्त्र लागेल, जीवशास्त्र लागेल, थोडे गणित लागेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजारपाजारच्या शेतकऱ्यांची साथ लागेल. ती का लागते, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

मातीची घडण

माती म्हणजे खडकाची भुकटी नव्हे. चांगल्या मातीच्या एकूण आकारमानापैकी साधारण निम्माच भाग घन पदार्थांचा असतो. उरलेला निम्मा भाग म्हणजे लहानमोठ्या पोकळ्या. मोठ्या पोकळ्यांतून पाणी खाली झिरपते आणि हवा आत येते, तर बारीक पोकळ्यांत पाणी धरून ठेवले जाते. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे सुटे कण एकमेकांना चिकटून त्यांचे रवे बनतात, म्हणून या पोकळ्या टिकतात.

कणांना चिकटवणारा डिंक सजीव तयार करतात. मुळांतून पाझरणारे चिकट पदार्थ, जिवाणूंनी तयार केलेले गोंदासारखे पदार्थ, बुरशीचे धाग्यांसारखे तंतू आणि गांडुळाच्या पोटातून बाहेर पडलेली माती या सगळ्यांमुळे रवे घट्ट होतात. हा डिंक कायमचा नसतो. सूक्ष्मजीव तो खातात, म्हणून तो सतत नव्याने तयार व्हावा लागतो. त्यासाठी मातीत जिवंत मुळे आणि कुजणारा पालापाचोळा लागतो. बांधावर या गोष्टी बारा महिने असतात. खाचरात त्या असतात का, ते आता पाहू.

आपल्या खोऱ्यातली भातशेती

उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर अशी वाहत कल्याणकडे जाते. या खोऱ्यातला मूळ खडक म्हणजे काळा कातळ, बेसाल्ट. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे दोन-अडीच हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. एवढ्या पाण्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश असे क्षार धुपून जातात आणि माती किंचित आम्लधर्मी होते. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाली बांध घालून केलेल्या खाचरांत भात, आणि भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा, ही येथील जुनी पीकपद्धती.

भात लावण्यापूर्वी खाचरात पाणी साठवून चिखलणी करतात. तिला सबळ कारणे आहेत. चिखलणीने तण गाडले जाते, रोपे सहज रोवता येतात आणि खालचा थर बंद झाल्यामुळे पाणी खाचरात टिकते. पण हे पाणी टिकते ते मातीचे रवे मोडल्यामुळेच. सुटे झालेले चिकणमातीचे कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि खालची वाट बुजवतात. पाऊस संपला की तीच माती टणक होते आणि तिला भेगा पडतात. वालाचे मूळ त्या थरातून खाली जायला धडपडते. दर वर्षीच्या नांगरणीने जमीन उलटीपालटी होऊन हवा खेळते, सूक्ष्मजीवांचे काम वेगाने चालते आणि सेंद्रिय पदार्थ लवकर जळून जातात. पेल्यात विरघळलेल्या ढेकळाचे रहस्य ते हेच.

वीस टनांचा हिशेब

“मग शेणखत घाला, माती सुधारेल,” असे आपण सहज म्हणतो. किती घालायचे याचा हिशेब वर्गात मांडून पाहण्यासारखा आहे.

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. वरचा १५ सेंटिमीटरचा थर घेतला तर मातीचे आकारमान सुमारे १५ घनमीटर होते. एका घनमीटर मातीचे वजन १.३ टन धरले, तर एका गुंठ्यातल्या या थराचे वजन जवळजवळ २० टन भरते. या मातीत सेंद्रिय कर्ब ०.५० टक्के असेल, तर गुंठ्यातला एकूण कर्ब १०० किलो झाला. माती परीक्षणाच्या नेहमीच्या प्रतवारीत ०.५० टक्क्यांपेक्षा कमी कर्ब म्हणजे ‘कमी’, ०.५० ते ०.७५ ‘मध्यम’ आणि ०.७५च्या वर ‘जास्त’. म्हणजे ‘जास्त’ या पायरीवर चढायला गुंठ्यामागे आणखी ५० किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा.

भाताच्या पेंढ्यात साधारण ४० टक्के कर्ब असतो. पण मातीत घातलेला पेंढा कुजताना त्यातला बराचसा कर्ब कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. आपण १५ टक्के कर्ब टिकतो असे धरू. म्हणजे एक किलो पेंढ्यामागे मातीत राहिला फक्त ०.०६ किलो कर्ब. ५० किलोंसाठी पेंढा लागेल ८३० किलोंच्या आसपास. हेक्टरी तीन टन पेंढा निघतो असे मानले, तर एका गुंठ्यात तो निघतो ३० किलो. सगळा पेंढा शेतातच ठेवला तरी ५० किलो कर्ब साठायला २७-२८ वर्षे लागतील! शिवाय मातीत आधीच असलेला कर्ब दर वर्षी थोडा थोडा कमी होतो, तो यात धरलेला नाही. आणि गोठ्यातल्या जनावरांना पेंढा हवा असतो तो वेगळाच.

या हिशेबातले आकडे ढोबळ आहेत. पण त्यातून दोन गोष्टी पटतात. पहिली, मातीचा कस एका हंगामात परत येत नाही. दुसरी, बाहेरून घालण्याइतकेच महत्त्व आत असलेले न घालवण्याला आहे. नळाखाली बादली भरताना तळाचे भोक आधी बुजवावे लागते.

पत्रिका काय सांगते?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. या पत्रिकेत १२ गोष्टी मोजल्या जातात. नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक. जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. त्याखेरीज सामू, विद्युतवाहकता व सेंद्रिय कर्ब. पिकाला कोणते खत किती द्यावे हे ठरवायला ही माहिती उपयोगी आहे, यात शंका नाही.

पण तिच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. योजनेनुसार बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरला एक नमुना घेण्याचे ठरले होते. दहा हेक्टर म्हणजे सुमारे हजार गुंठे. आमच्या कोकणात पाच-दहा गुंठ्यांची खाचरे उतारावर पायऱ्यांसारखी रचलेली असतात. वरच्या खाचरातून धुपलेली बारीक माती खालच्यात येऊन बसते. कोणाच्या खाचरात गोठ्याचे पाणी उतरते, कोणाच्या बांधावर आंब्याचा पाला पडतो. हजार गुंठ्यांसाठी एकच आकडा या सगळ्यांना कसा लागू पडेल?

दुसरे असे की पाणी किती वेगाने मुरते, रवे किती टिकाऊ आहेत, गांडुळे किती आहेत हे पत्रिकेतल्या १२ गोष्टींत येत नाही. मातीचे रसायन कागदावर आले, पण तिची घडण आणि तिच्यातले जीवन बाहेरच राहिले. प्रयोगशाळेत बसून आम्हां संशोधकांना ही उणीव भरून काढता येणार नाही, कारण या गोष्टी जागेवरच आणि पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात. तेथे रोज असतो तो शेतकरी.

राबापासून चारसूत्रीपर्यंत

शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांच्या या देवाणघेवाणीला आपल्याच भागात मोठा इतिहास आहे. रोपे तयार करायच्या जागेवर झाडांच्या फांद्या, पाला, शेण पसरून ते जाळायचे, याला राब भाजणे म्हणतात. १८८०च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावरून शेतकरी आणि वनखाते यांच्यात मोठा तंटा झाला. राब ही खरोखर गरज आहे की नुसती सवय, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. इंग्लंडहून आलेले शेतीरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस वोल्कर यांनी १८९३ सालच्या आपल्या प्रसिद्ध अहवालात राबाची दखल घेतली. भारतीय शेतकऱ्याच्या रीतींमागे बहुधा अनुभवाचे कारण असते, अशी त्यांची एकूण भूमिका होती. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राब पद्धतीचा अभ्यास करून १९१२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

राबाच्या आचेने तणाचे बी मरते, राखेतून पोटॅश आणि सिलिका मिळते आणि तापलेल्या मातीतली काही अन्नद्रव्ये रोपांना लवकर उपलब्ध होतात. म्हणजे शेतकऱ्याचे निरीक्षण खरे होते. पण त्याची किंमत जंगलाने आणि मातीतल्या सेंद्रिय पदार्थांनी मोजली.

हेच फायदे दुसऱ्या मार्गाने मिळतील का, या प्रश्नाला मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीने एक उत्तर दिले. पहिले सूत्र, भाताच्या अवशेषांचा फेरवापर. तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा खाचरात घालायचा. राखेतून सिलिका मिळते आणि रोपे कणखर होतात. दुसरे सूत्र, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीपूर्वी खाचरात गाडायचा. तिसरे, दोन-तीन रोपांचे चूड १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावायचे. चौथे, चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची ब्रिकेट सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची, म्हणजे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. बांधावर वाढणारा गिरिपुष्प आणि गिरणीतला तूस यांसाठी जंगल तोडावे लागत नाही. स्थानिक साधने, स्थानिक रीत आणि प्रयोगशाळेतले ज्ञान यांचा मेळ कसा घालावा, याचा हा उत्तम नमुना आहे.

नेरळचे गादीवाफे

चारसूत्रीत चिखलणी कायम राहिली. तीच टाळता येईल का, हा पुढचा प्रश्न. बदलापूरहून कर्जतच्या दिशेने जाताना वांगणी, शेलूनंतर नेरळ लागते. तेथील सगुणा बागेत शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी विनानांगरणीची पद्धत बसवली. ती ‘सगुणा राइस टेक्निक’ किंवा एसआरटी या नावाने ओळखली जाते.

पद्धत सोपी आहे. सुरुवातीला एकदाच जमीन तयार करून कायमचे गादीवाफे पाडायचे. एका वाफ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १३६ सेंटिमीटर अंतर, आणि वाफ्याचा माथा सुमारे १०० सेंटिमीटर रुंद. लोखंडी साच्याने ठराविक अंतरावर भोके पाडून त्यांत थेट बी टोकायचे. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळे उपटायची नाहीत, ती जमिनीतच कुजू द्यायची. पुढच्या हंगामात त्याच वाफ्यावर वाल किंवा दुसरे पीक टोकायचे.

यामागचे शास्त्र आता आपल्या ध्यानात येईल. मूळ कुजले की तेथे एक नळी तयार होते. पाणी आणि हवा तिच्यातून आत जातात, गांडुळांना खाद्य मिळते. नांगर न फिरल्यामुळे बुरशीचे तंतू तुटत नाहीत. वीस टनांच्या हिशेबात आपण पाहिलेले बादलीचे भोक लहान होते. चिखलणी-लावणीची मजुरी वाचते, गांडुळे वाढतात, असा अनुभव ही पद्धत वापरणारे शेतकरी सांगतात.

पण यातही एक अडचण आहे, आणि ती झाकून ठेवता कामा नये. चिखलणी गेली की तण जोर करते. त्यासाठी या पद्धतीत ग्लायफोसेट हे तणनाशक वापरले गेले. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटची गणना ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केली. काही देशांच्या नियामक संस्थांनी वेगळा निष्कर्ष काढला आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. तेव्हा नांगरणी टाळून तणनाशकही टाळता येईल का? पेंढ्याचे आच्छादन पुरेल का? हाताने बेणणी केली तर वाचलेली मजुरी तिकडेच जाईल का? ही उत्तरे प्रत्येक गावच्या तणावर, मजुरीवर आणि पावसावर अवलंबून आहेत. म्हणजे संशोधन गावातच व्हायला हवे.

एका खाचराची साक्ष पुरत नाही

शेतकऱ्यांनी स्वतः संशोधन करावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी १९६०च्या दशकापासून ‘प्रयोग परिवार’ उभा केला. आपल्या शेतात करून पाहायचे, मोजायचे, लिहून ठेवायचे आणि जे कळले ते इतरांना मोकळेपणाने सांगायचे, एवढाच या परिवाराचा नियम. पदवीची अट नाही. तासगाव परिसरातील द्राक्ष बागायतदारांनी अशाच देवाणघेवाणीतून आपल्या बागा सुधारल्या. एका गणिताच्या शिक्षकाने हे काम उभे केले, हे आपल्यासारख्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे.

असे मिळून काम करणे चांगले, एवढ्यावर थांबता येणार नाही. संख्याशास्त्राचीही तीच मागणी आहे. समजा, एका शेतकऱ्याने खाचराच्या अर्ध्या भागात पेंढ्याचे आच्छादन केले, अर्धा भाग नेहमीसारखा ठेवला, आणि आच्छादनाच्या बाजूला भात अधिक आला. हा आच्छादनाचा परिणाम की त्या बाजूची माती मुळातच चांगली होती? एका खाचरावरून सांगता येत नाही. फायदा काहीच नसला, तरी निव्वळ योगायोगाने ती बाजू सरस ठरण्याची शक्यता निम्मी आहे, नाणेफेकीसारखी.

आता सहा शेतकऱ्यांनी आपापल्या एकेका खाचराचे दोन भाग केले आणि कोणत्या भागात आच्छादन करायचे ते खरोखर नाणे उडवून ठरवले. सहाच्या सहा खाचरांत आच्छादनाची बाजू सरस निघाली. निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता किती? १/२ ला सहा वेळा गुणा. उत्तर येते १/६४, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. आता आपण बऱ्याच विश्वासाने बोलू शकतो. पाच-दहा गुंठ्यांच्या एकट्या शेतकऱ्याकडे सहा वेगवेगळी खाचरे कोठून असणार? पण सहा शेजाऱ्यांकडे ती असतात. सरकारी प्रक्षेत्रावर सहा वाफे करता येतील, पण ते सगळे एकाच जागच्या मातीतले असतील. गावातली सहा खाचरे सहा प्रकारच्या मातीची साक्ष देतात.

प्रयोगाचे भाग चिठ्ठी टाकून ठरवण्याची ही पद्धत रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतीप्रयोगांतून विकसित केली. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी ती भारतीय शेतीसाठी वापरात आणली. पिकाचा अंदाज घेण्यासाठी शेते चिठ्ठीने निवडून तेथे पीक कापणी प्रयोग करण्याची रीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे १९५४ सालचे पुस्तक पुढे शेतीसंशोधकांच्या पिढ्यांनी वापरले. दहावी-अकरावीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना फाशांऐवजी खाचरे घ्यायला काय हरकत आहे?

शाळेने काय मोजावे?

अशा प्रयोगात शाळा मोजणीचे काम उत्तम करू शकते. त्याला महागडी उपकरणे लागत नाहीत.

पहिली चाचणी ढेकळाची. ती वर आलीच आहे. पाच मिनिटांनी गाळणीवर किती भाग शिल्लक राहिला त्याला ० ते ४ गुण द्यावेत. प्रत्येक भागातली निदान पाच ढेकळे तपासावीत आणि सगळी ढेकळे आधी सारखीच वाळवून घ्यावीत.

दुसरी चाचणी पाणी मुरण्याची. दोन्ही तोंडे कापलेला, १५ सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा जमिनीत पाच सेंटिमीटर ठोकावा. त्यात ४४० मिलिलिटर पाणी ओतावे. हे पाणी अडीच सेंटिमीटर पावसाएवढे होते. ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. मग तेवढेच पाणी पुन्हा ओतून दुसऱ्या खेपेचा वेळ नोंदवावा, तोच अधिक भरवशाचा. एक हेक्टर जमिनीत एक सेंटिमीटर पाणी मुरले म्हणजे एक लाख लिटर पाणी मुरले, हे मुलांना काढायला सांगावे.

तिसरी चाचणी गांडुळांची. पावसाळ्यात, माती ओली पण चिखल नसलेली असताना, २० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल मातीचा ठोकळा काढून गोणपाटावर पसरावा. गांडुळे मोजून परत सोडावीत. आलेल्या संख्येला २५ने गुणले की एका चौरस मीटरमधली संख्या मिळते. उन्हाळ्यात गांडुळे खोल जातात, तेव्हा त्या दिवसांतला शून्य हा आकडा फसवा असतो.

चौथी चाचणी कापडाची. पांढऱ्या सुती कापडाचे सारखे तुकडे वजन करून १० सेंटिमीटर खोल पुरावेत आणि दोन महिन्यांनी काढून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन करावे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तो किती खाल्ला गेला यावरून सूक्ष्मजीवांच्या कामाचा अंदाज येतो.

सेंद्रिय कर्ब आणि सामू यांसाठी मात्र नमुने माती परीक्षण प्रयोगशाळेत पाठवावेत. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे आणि भात हा त्याचा मुख्य विषय. तेथील तज्ज्ञांना प्रयोगाची आखणी आधी दाखवली, तर पुढचे श्रम वाया जात नाहीत. एका प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, तुलनेचा भाग कधीही मोडायचा नाही, आणि जेथे फायदा झाला नाही त्या खाचराची नोंदही तितक्याच काळजीने ठेवायची, ही तीन पथ्ये सर्वांनी पाळायला हवीत.

आनंदनगरचा वेगळा प्रश्न

आतापर्यंत आपण कस गेलेल्या मातीबद्दल बोललो. विष भिनलेल्या मातीचा प्रश्न वेगळा आहे आणि या दोहोंत गल्लत होऊ देता कामा नये. अंबरनाथचे अतिरिक्त औद्योगिक क्षेत्र आनंदनगर म्हणून ओळखले जाते. अंबरनाथ परिसरात उगम पावणारी वालधुनी नदी प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगरमधून पुढे उल्हास नदीला मिळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीत रसायन सोडले गेल्यामुळे उल्हासनगरमधील अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. नाल्याकाठी, रुळांलगत पिकणाऱ्या पालेभाज्यांबद्दल या भागात नेहमीच शंका घेतली जाते.

शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे जड धातू कुजत नाहीत. सेंद्रिय पदार्थ आणि चुना यांनी त्यांतले काही धातू मातीत जखडले जातात आणि पिकात कमी उतरतात, पण ते नाहीसे होत नाहीत. गांडूळखत घालून अशी माती ‘बरी’ झाली असे मानणे धोक्याचे आहे. मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ गोष्टींत या तीन धातूंचा समावेश नाही. ते मोजायला अणुशोषण वर्णपटमापकासारखी उपकरणे असलेली प्रयोगशाळाच लागते.

मग येथे लोकांचा सहभाग कशासाठी? नमुना कोठून घ्यावा हे त्यांनाच ठाऊक असते म्हणून. कोणत्या पावसाळ्यात नाल्याचे पाणी कोणाच्या शेतात शिरले, भरावाची माती कोठून आली, पूर्वी कोणत्या विहिरीचे पाणी रंगीत यायचे, हे कोणत्याही नकाशावर नसते. ते जुन्या रहिवाशांच्या आठवणीत असते. विद्यार्थ्यांनी ही माहिती विचारून नकाशावर उतरवली आणि त्या नकाशाप्रमाणे प्रयोगशाळेने नमुने तपासले, तर थोड्या खर्चात कामाची माहिती हाती येते. मुलांनी संशयित नाल्यात उतरून स्वतः नमुने घेऊ नयेत. ते काम प्रशिक्षित माणसांचे आहे. आणि जेथे धातू सापडतील, तेथे उपाय खताच्या गोणीत नाही. आधी सांडपाणी थांबले पाहिजे आणि तोवर त्या जागी भाजी पिकवणे बंद झाले पाहिजे. तपासणीचे आकडे हातात असतील, तर ही मागणी ग्रामपंचायतीकडे, नगरपरिषदेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ठामपणे करता येते.

सुरुवात कोठे करावी?

बदलापूर-अंबरनाथच्या आसपास अजून भात पिकवणारी खाचरे आहेत, पण दर वर्षी त्यांतली काही इमारतींखाली जातात. बांधकामाखाली गेलेली माती परत मिळत नाही. जी उरली आहे तिचा कस टिकला, तर ती कसणाऱ्यालाही शेती चालू ठेवायला एक कारण मिळेल.

शाळेत अशा सहा-सात मुलांचा शोध घ्यावा, ज्यांच्या घरी किंवा मामाच्या गावी खाचर आहे. दिवाळीनंतर कापणी झाली की प्रत्येक खाचरातली आणि बांधावरची ढेकळे वर्गात आणवावीत आणि पेल्यांची चाचणी करावी. आकडे फळ्यावर मांडावेत. मग त्या घरच्या वडीलधाऱ्यांना शाळेत बोलावून ते दाखवावेत आणि पुढच्या पावसाळ्यात अर्ध्या खाचरात काय बदलून पाहायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. शंभर किलो कर्बाचे दीडशे व्हायला अनेक वर्षे लागतील. आज पाचवीत असलेली मुले दहावीत जातील तोवर निदान ढेकूळ पाण्यात किती वेळ टिकते, याची पाच वर्षांची नोंद शाळेच्या वहीत असेल.